जेरुशा म्हणजे वारसा

लावणी आटोपली आहे, खाचरांत पाणी भरले आहे, श्रावणाची सर कौलांवर ताल धरून आहे आणि अशा दिवशी तुमच्या घरी बारसे आहे. घुगऱ्यांचा वास घरभर दरवळतो आहे. लेकीला पाळण्यात घालतात, आत्याबाई वाकतात, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन हळूच नाव सांगतात आणि ‘कुर्रर्र’ करतात. मागच्या बायका आत्याबाईंच्या पाठीवर लटकेच धपाटे घालतात. या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट मात्र कायमची ठरून जाते. त्या इवल्या जीवाला जन्मभर कोणत्या शब्दाने हाक मारायची, ते घराने ठरवलेले असते.

वाचकहो, नाव ठेवायला पैसा लागत नाही. श्रीमंताला आणि गरिबाला नाव सारखेच फुकट. पण लेक आली तेव्हा घराला काय वाटले, ते त्या एका शब्दात उतरते. म्हणून आज तुम्हांला एका नावाची गोष्ट सांगायची आहे. हे नाव तुमच्या गावात कोणाचे असण्याचा फारसा संभव नाही. हजेरीपटावर ते कधी पुकारले गेले नसेल, ओवीत आले नसेल. ते नाव आहे जेरुशा.

नाव परके वाटते ना? भाषाही परकी आहे. हे हिब्रू भाषेतले, म्हणजे यहुदी लोकांच्या जुन्या धर्मभाषेतले नाव. पण या नावाची आपल्या मुलखातली सर्वांत मोठी मानकरीण मराठी घरातली होती, तिच्या घराण्याचे मूळ गाव आपल्या घाटाखाली अलिबागेकडे होते आणि ती शिकली आपल्या पुण्यात. या नावाचा अर्थ कळला, की प्रत्येक शेतकरी घराने तो ऐकावा असे तुम्हांलाही वाटेल.

घाटाखालचे शनवार तेली

लोणावळ्याहून बोरघाट उतरला की खोपोली लागते, पुढे पेण आणि पेणवरून अलिबाग. मावळातली माणसे या वाटेने पूर्वापार मीठ-मासळी आणीत आली. त्या अलिबाग तालुक्यात झिराड नावाचे गाव आहे. समुद्राकडेला नवगाव आहे. या टापूत शेकडो वर्षे एक समाज राहत आला. त्याचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे.

हे लोक सांगतात, की दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांचे तारू नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावलाच पुरले. वाचले ते कोकणातच राहिले, कोकणचेच झाले. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी काम करायचे नाही, एवढी एक शिस्त मात्र त्यांनी सोडली नाही. शनिवारी घाण्याचा बैल सोडलेला, घाणा थांबलेला. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

गावोगावी वस्ती झाली तशी आडनावेही आपल्यासारखीच पडली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहिमकर, दिवेकर, नवगावकर. हिंदी चित्रपटांत ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा रंगवणारे डेव्हिड तुम्हांला आठवत असतील. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. तेही याच समाजातले आणि चेऊल म्हणजे आपले चौलच. या समाजाच्या बायका मंगळसूत्र घालतात, लग्नाआधी नवरीला मेंदी लावतात, घरात मराठी बोलतात. शुभकार्याला मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओले खोबरे आणि सोबत फळे. हा मलिदा एलियाहू या संदेष्ट्याच्या नावाने करतात. तो संदेष्टा खंडाळ्याला येऊन गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. आपला घाटमाथ्यावरचा खंडाळा नव्हे हो, अलिबाग तालुक्यातला खंडाळा!

पुढे इंग्रजी अमदानीत हे लोक फौजेत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि कोकण, मुंबई व पुणे एकमेकांच्या आणखी जवळ आली. पुण्याच्या रास्ता पेठेत या समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी १८७४ साली पुण्यातच छापली गेली, एका बाजूला हिब्रू आणि सोबत मराठी. त्या पोथीतल्या चित्रांत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका आहेत. त्या लुगडी नेसलेल्या आहेत.

सामाजी, हसाजी आणि नंतरची नावे

कोकणात राहून नावेही कोकणी झाली. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली ज्याने बांधले, तो शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी दिवेकर होता. पुरुषांच्या नावांत निदान मूळ नावाचा सांगाडा राहिला. बायकांची नावे मात्र बहुतेक शेजारणींसारखीच असत.

एकोणिसाव्या शतकात हे पालटले. पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीत छापले. शाळा निघाल्या, जुना धर्मग्रंथ मराठीत वाचायला मिळू लागला, आणि विसरलेली नावे पुन्हा पाळण्यापाशी ऐकू येऊ लागली. सारा, रिबका, राहेल, हन्ना. अहिल्यानगर आणि पुणे भागातल्या ख्रिस्ती घरांतही यांतली बरीच नावे आहेत, कारण तो जुना ग्रंथ दोघांचा समाईक आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू शिकल्या आणि त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामात होत्या.

या हिब्रू नावांचे अर्थ पाहिले, तर तुम्हांला ती फार परकी वाटणार नाहीत. राहेल म्हणजे मेंढी. दबोरा म्हणजे मधमाशी. तामार म्हणजे खजुरीचे झाड. हदस्सा हे एका सुवासिक झुडपाचे नाव. सिप्पोरा म्हणजे पाखरू. ही मेंढरे राखणाऱ्या आणि शेते कसणाऱ्या लोकांची नावे आहेत. आपल्याकडे तुळसा, शेवंता, बकुळा, जाई आणि मैना आहेत, तशीच ही. शेतातल्या माणसाला लेक म्हटली की झाड, फूल, पाखरूच आठवते, मग ते शेत मावळातले असो की यरुशलेमेजवळचे.

जमिनीचे नाव

जेरुशा हे नाव मात्र यांच्यात वेगळे पडते. मूळ हिब्रू उच्चार यरूशा. युरोपात गेल्यावर ‘य’चा ‘ज’ झाला, जसा योसेफचा जोसेफ झाला. या शब्दाचा अर्थ फूल नाही, पाखरू नाही. ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ ताब्यात घेणे, वारसाने मिळणे. तो शब्द बहुधा जमिनीसाठीच येतो. आजही हिब्रू बोलणारा माणूस वडिलोपार्जित मालमत्तेला ‘येरुशा’च म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर लेकीचे नाव ठेवले ‘वारसा’!

जुन्या ग्रंथात या नावाची बाई एकच आहे आणि तिचा उल्लेख अवघा दोनदा येतो. ती सादोकाची मुलगी, यहुदा देशाचा राजा उज्जीया याची राणी आणि योथाम राजाची आई. तिच्या हातून काय घडले, ते ग्रंथात नाही. राजांच्या यादीत आईचे नाव लिहायची त्या ग्रंथकाराची रीत होती, म्हणून तिचे नाव उरले. तिच्या नवऱ्याविषयी मात्र एक गोष्ट सांगितली आहे, ती तुम्हांला आवडेल. उज्जीया राजाला शेतीचा नाद होता. त्याने रानात पाण्याची टाकी खोदवली, मोठी खिल्लारे बाळगली, डोंगरउतारावर द्राक्षमळे लावले. जमिनीवर माया असलेल्या राजाची राणी जमिनीच्या नावाची होती.

एवढ्या दुर्मिळ नावाने पुढे बराच प्रवास केला. बायबलातून नावे शोधून ठेवणाऱ्या कर्मठ ख्रिस्ती कुटुंबांनी ते अमेरिकेत नेले. तिथे ते काही पिढ्या चालले आणि मग जुनाट वाटू लागले. इतके, की १९१२ साली जीन वेबस्टर या लेखिकेने ‘डॅडी लाँग लेग्ज’ ही कादंबरी लिहिली, तिच्यातल्या अनाथ नायिकेला हे नाव मिळते ते थडग्यावरच्या दगडावरून उचललेले. ती पोर या नावाला कंटाळून स्वतःला ज्यूडी म्हणवून घेते. नावाचा अर्थ वारसा आणि मुलगी मात्र जिला आईबाप नाहीत, घर नाही, काहीच नाही अशी! दक्षिण भारतातल्या ख्रिस्ती घरांत हे नाव आजही कधीमधी ठेवतात. फार चलनी ते कधीच झाले नाही.

डॉक्टर जेरुशा झिराड

आणि आता आपली मराठी जेरुशा. तिच्या घराण्याचे नाव पडले ते झिराड गावावरून. ती जन्मली १८९० साली, शिमोग्याला. शालेय शिक्षण पुण्यात झाले. घरच्या आठवणीतली गोष्ट अशी सांगतात, की ती अकरा वर्षांची असताना थोरली बहीण फार आजारी पडली. मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉक्टर बेन्सन नावाच्या इंग्रज बाईंनी तिला वाचवले. धाकटीने तेव्हाच मनाशी ठरवले, की आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयात काम करायचे.

तो काळ तुमच्या पणजीचा होता. बाळंतपण अडले तरी बाई पुरुष डॉक्टरपुढे जात नसे, घरचेही नेत नसत. म्हणून तर केवळ बायका-मुलांसाठी, आणि बायकांनीच चालवायचे, असे हे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले होते. पण तिथल्या मोठ्या जागा परदेशी डॉक्टरणींकडे असत.

जेरुशाबाई १९१२ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. पुढे विलायतेला जायचे तर पैसा हवा. टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळाली, मागाहून भारत सरकारचीही मिळाली. पहिले महायुद्ध चालू असताना त्या लंडनमध्ये शिकल्या, तिथल्या बायकांच्या रुग्णालयात राबल्या आणि १९१९ साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम. डी. झाल्या. परत आल्यावर दिल्लीला, बंगळुरूला काम केले. अखेर त्या मुंबईला कामा रुग्णालयात आल्या आणि त्या रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री झाल्या. १९४७ पर्यंत त्यांनी तो पाहिला. अकराव्या वर्षी मनाशी धरलेली गोष्ट अशी पुरी झाली.

त्यांचे आणखी एक काम आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. बाळंतपणात बायका मरतात त्या नेमक्या कशाने, याची मुंबई शहरात त्यांनी १९३७-३८ मध्ये रीतसर तपासणी केली. तोवर ‘बाळंतपणात गेली’ एवढे म्हणून लोक गप्प बसत. देवाची मर्जी म्हणत. जेरुशाबाईंनी प्रत्येक मरणाचे कारण शोधायचे ठरवले, कारण कारण कळले तर पुढची बाई वाचते. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मरण पावणाऱ्या मातांचे प्रमाण २०१८-२० च्या सरकारी पाहणीनुसार ३३ वर आले होते. संबंध देशाचे तेव्हा ९७ होते. गावात आशाताई येते, गरोदरपणी तपासणी होते, रुग्णवाहिका बोलावता येते. या वाटेवर पहिली पावले टाकणाऱ्यांत झिराड गावचे नाव लावणारी ही बाई होती. सरकारने १९६६ साली त्यांना पद्मश्री दिली. १९८४ साली त्या वारल्या.

नावाप्रमाणे त्यांनी वारसा मिळवला, आणि नुसता मिळवला नाही, मागच्यांना ठेवलाही. आज मुंबई-ठाण्याकडे या समाजाची थोडीच हजार माणसे उरली आहेत. बरीच घरे १९४८ नंतर इस्राएलला गेली. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

पाच बहिणींची फिर्याद

ज्या ग्रंथातून हे नाव आले, त्याच ग्रंथात पाच बहिणींची एक गोष्ट आहे. तुमच्या गावच्या चावडीवर शोभावी अशी आहे. सलाफहाद नावाचा एक गृहस्थ रानात वारला. त्याला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. जमिनीची वाटणी होणार होती आणि वाटा पुरुषांच्या नावाने मिळणार होता. या पाच जणी सगळ्या पंचांसमोर, मोशे या पुढाऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे एवढेच, की आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव का बुडावे? चुलत्यांबरोबर आम्हांलाही जमीन द्या.

मोशेला निवाडा सुचेना. त्याने देवाला विचारले. देव म्हणाला, पोरी बरोबर बोलतात. तेव्हापासून नियम झाला, की मुलगा नसेल तर वारसा मुलीला मिळावा.

पण वाचकहो, गोष्ट इथेच संपत नाही. थोड्या दिवसांनी भावकी मोशेकडे आली. मुली दुसऱ्या कुळात नांदायला गेल्या तर जमीनही तिकडे जाईल, मग आमचे काय? मग ठरले, की या मुलींनी आपल्याच कुळात लग्न करावे. पाचही जणींनी चुलतभावांशी लग्ने लावली. बघा, इतक्या जुन्या काळीही भावकीला हीच धास्ती होती. लेकीला वाटा दिला तर रान फुटेल, परक्याच्या दारात जाईल. ही भीती काही आजची नाही, आणि आपलीच नाही.

आपल्या लेण्यांतली बाधा

तुम्ही म्हणाल, हे सगळे दूरदेशीचे. तर मग मावळातलेच सांगतो. एकवीरा आईच्या दर्शनाला तुम्ही कार्ल्याला जाता. तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. त्यांत आपल्या या मुलखाचे नाव ‘मामाल’ असे आले आहे. त्यांतच वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाचे नाव आहे. वासिष्ठीपुत्र म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. राजा आपल्या नावाआधी आईचे नाव लावीत होता आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

पवनेच्या बाजूला बेडशाच्या लेण्यात पाण्याच्या टाक्यापाशी एका बाईचे नाव आहे. ती सामडिनिका, महाभोजाची मुलगी. ती राजघराण्यातली होती, तिचे दान कोरले गेले यात नवल नाही. पण भाज्याच्या लेण्यात जा. मळवली स्टेशनावरून पायी वाट आहे. तिथे एका लेण्यावर छोटासा लेख आहे, त्याचा अर्थ असा: हे बाधेचे दान आहे, ती एका हालिकाची बायको. हालिक म्हणजे नांगर धरणारा, नांगऱ्या.

विचार करा. राजाची राणी नाही, सावकाराची सून नाही. आपल्याच मावळातल्या एका शेतकऱ्याची बायको. तिच्या हातात स्वतःचे म्हणून काही होते, तेव्हाच ना तिने दान दिले? आणि ते तिच्या नावावर कातळात कोरले गेले. नवऱ्याचे नाव त्या लेखात नाही. बाधेचे आहे.

सातबाऱ्यावर कोण?

आता आपल्या घरात या. इंद्रायणी भाताचे वाण १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून बाहेर आले आणि त्याने मावळचे नाव मोठे केले. त्या भाताची लावणी कोण करते? कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बायकाच करतात. खुरपणी, कापणी, पाखडणी यांतही त्याच. पण सातबारा काढून बघा, त्यावर त्यांचे नाव किती ठिकाणी आहे?

नावाचीच गोष्ट काढली आहे तर दुसरेही सांगायला हवे. मुलीवर मुलगी झाली की पुढचा मुलगा व्हावा म्हणून पोरीचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवायची रीत आपल्याच महाराष्ट्रात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. शाळेत रोज हजेरीला आपलेच नाव ‘नकोशी’ म्हणून ऐकायचे आणि ‘हजर’ म्हणायचे, हे त्या पोरींनी किती वर्षे सोसले असेल! एका लोकांनी लेकीचे नाव ‘वारसा’ ठेवले, आणि आपण ‘नको’ ठेवले. यात त्यांचे मोठेपण सांगायचे नाही. वारसाहक्काच्या बाबतीत तेही मुलगे असताना मुलींना मागेच ठेवीत. पण शब्द तरी त्यांनी चांगला निवडला.

आज कायदा आपल्या बाजूने उभा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलीला मुलाइतका वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला जन्मतः हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि लग्न झालेली असो की नसो, मुलीला मुलासारखाच हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने येतो. २००५ साली वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदलेल्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा आपल्या आदिवासी बांधवांना तो सरसकट लागू नाही, त्यांनी जाणकाराला विचारून घ्यावे.

पण कायदा कागदावर आणि व्यवहार चुलीपाशी. वडील गेले की वारसनोंदीच्या वेळी काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. बहिणीला बोलावणे जाते. जेवण होते. मग हक्कसोडपत्र पुढे येते. ‘सही कर ताई, माहेर तुझेच आहे.’ ती सही करते, कारण माहेर तुटू नये. तिची साडीचोळीवर बोळवण होते. द्रुतगती मार्ग झाल्यापासून आणि लोणावळ्याच्या आसपास बंगले उठल्यापासून जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. त्यामुळे या सहीची किंमत किती, हे भावाला ठाऊक असते आणि बहिणीला बहुधा ठाऊक नसते.

भावांचीही बाजू आहे, ती खोटी नाही. एकराचे गुंठे झाले तर औत कुठे फिरवायचे? म्हाताऱ्या आईबापांना कोणी पाहिले, कर्ज कोणी फेडले? हे प्रश्न खरे आहेत. पण लेकीचे नाव लागले म्हणजे बांध पडलाच पाहिजे असे नाही. नाव तिचे राहू दे, कसणारा भाऊ कसू दे, सुगीला तिच्या वाट्याचे भात तिच्या घरी जाऊ दे. आईबापांचा खर्च, कर्ज हेही एकत्र बसून, लिहून ठरवता येते. आणि ज्या बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल, तिने तो समजून-उमजून सोडावा, भीड पडली म्हणून नव्हे. नोंदलेले हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही, हे तिला सहीआधी सांगणे भावाचेच काम आहे.

घरात कोणी वारले तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्या. त्या अर्जात मुलींची नावे गाळू नका, त्यांच्या लग्नाला कितीही वर्षे झालेली असोत. नोंद धरल्यावर हरकतीसाठी मुदत असते, त्या वेळी बहिणीने फेरफार स्वतः वाचून घ्यावा. आणखी एक चांगली गोष्ट. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावायचे, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले. वासिष्ठीपुत्राची रीत फिरून मावळात आली म्हणायची!

तेव्हा वाचकहो, पुढच्या बारशाला लेकीचे नाव जेरुशा ठेवा, असे सांगायचे नाही. आपली नावे आपल्याला गोड आहेत. जाई ठेवा, इंद्रायणी ठेवा, आजीचे नाव ठेवा. फक्त आत्याबाई पाळण्यापाशी वाकतील, तेव्हा हा अर्थ मनात असू द्या. ही पोर घरचा वारसा आहे. आणि तिचे नाव कानात सांगितले तसे, वेळ येईल तेव्हा कागदावरही लिहा. बाधेचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी मावळच्या कातळावर बसले. आपल्या लेकीचे सातबाऱ्यावर बसायला काय हरकत आहे?